अंघोळीचं पाणी संडासाला: शंभर मुलांच्या वसतिगृहासाठी कृती

तेलगाव हे धारूर तालुक्यातलं, बीड–परळी रस्त्यावरचं गाव. माजलगावचं धरण इथून जवळ, साखर कारखाना गावाला लागून. पण सिंदफणेवरचं हे धरण पाऊसकाळ हुकला की मृतसाठ्यावर येतं. मग बोअर आटतात आणि टँकरची वाट बघणं सुरू होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते या भागातलं कुणी विसरलेलं नाही. अशा मुलखात पिण्याजोगं पाणी संडासात ओतलं जातं, हे मला पटत नाही. ते थांबवायला मोठा प्रकल्प लागत नाही. चार-पाच टाक्या, वाळू, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि रोज अर्धा तास देणारा एक माणूस एवढ्यावर काम होतं.

ही कृती वसतिगृहासाठी लिहितो आहे, कारण पाण्याची खरी ओढाताण तिथे असते. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं बाहेर पडतात ती पाडव्याच्या आसपास परततात. मधले महिने पोरं वसतिगृहात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली, प्रत्येकी शंभर मुलांची. कॉलेजच्या आवारातली वसतिगृहंही साधारण याच मापाची असतात. म्हणून हिशेब शंभर मुलं, दोन मजले, दर मजल्यावर पाच न्हाणीघरं आणि पाच संडास असा धरला आहे. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल तर त्या पटीत कमी-जास्त करा.

या वाटेनं आधी गेलेले लोक आहेत. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) आणि युनिसेफ यांनी मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांत अंघोळीचं पाणी गाळून संडासाला आणि परसबागेला वापरलं आणि २००७ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. मुलखाची जात आपल्यासारखीच: कोरडा उन्हाळा, हातपंपाचं पाणी, निवासी शाळा. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात नीरीनंच फायटोरिड पद्धतीचं केंद्र उभं केलं, त्यात वनस्पतींच्या मुळांमधून सांडपाणी शुद्ध होतं. आयआयटी मुंबईच्या प्रा. शंकर यांनी मातीच्या थरांतून पाणी शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली. या दोन्ही पद्धतींनी मैलापाणीसुद्धा शुद्ध होतं. पण शंभर मुलांच्या वसतिगृहाला तेवढ्या खोलात शिरायचं कारण नाही. आपण फक्त अंघोळीचं पाणी घेणार आहोत, त्याला नीरीच्या आश्रमशाळांची साधी पद्धत पुरते.

आधी मोजमाप

कागदावर वसतिगृहात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ४५ लिटर फ्लशचं. बीडच्या उन्हाळ्यात माणशी १३५ लिटर कुठून येणार? म्हणून कागद बाजूला ठेवा आणि बादली घेऊन मोजा. एका न्हाणीघराच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाखाली सकाळी टब लावा, किती मुलांनी अंघोळ केली आणि किती पाणी आलं ते लिहा. असं दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा, त्यातला एक रविवार असू द्या, कारण रविवारी डोकी धुतली जातात. दोन बादल्यांची अंघोळ म्हटली तरी मोठी बादली काठोकाठ कुणी भरत नाही. माणशी ३० लिटर हा आकडा धरून चाला.

आता गरज. भारतीय भांड्याला एका वेळी सहा लिटर फ्लश पुरतो. लघवीसकट दिवसात चार-पाच वेळा धरले तर माणशी २५ लिटर होतात. म्हणजे एका मजल्याच्या ५० मुलांना १,२५० लिटर लागतात आणि त्याच ५० मुलांच्या अंघोळीतून १,५०० लिटर निघतात. गरजेपेक्षा पाणी जास्त आहे, ही या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. त्यामुळे हाताशी आहे ते सगळं सांडपाणी गोळा करण्याची हाव धरायची नाही, त्यातलं स्वच्छातलं स्वच्छ तेवढं उचलायचं.

कोणतं पाणी घ्यायचं, कोणतं नाही

अंघोळीचं आणि हात-तोंड धुण्याचं घ्या. कपडे धुण्याचं सोडा: त्यात पावडरीचा फेस आणि माती फार असते. स्वयंपाकघराचं तर अजिबात नको. त्या पाण्यात तेलाचा तवंग, भाताची शितं, डाळीचा गाळ येतो आणि दुसऱ्या दिवशी टाकीला असा वास सुटतो की सगळं काम तिथेच बंद पडतं. ज्यांनी ज्यांनी असे प्रयोग करून सोडून दिले, त्यातल्या पुष्कळांचं घोडं स्वयंपाकघराच्या पाण्याशी अडलेलं असतं.

मुलींच्या वसतिगृहात आणखी एक काळजी. पाळीचे कपडे न्हाणीघरातच धुतले जातात, त्याला वेगळी जागा सहसा नसते. एक न्हाणीघर या जोडणीतून वगळा, तिथे बादली, साबण आणि दोरीची सोय करा आणि मुलींना बाईंकडून नीट सांगा. लहान मुलांच्या वसतिगृहात न्हाणीत लघवी होते, हेही गृहीतच धरायचं. अंघोळीचं पाणी दिसायला कितीही निवळ असलं तरी त्यात जंतू असतात. टीसीएल घालण्याचं कारण तेच.

इमारतीच्या मागे जाऊन बघा

इमारतीच्या पाठीमागच्या भिंतीवर बहुधा दोन उभे पाइप दिसतील. चार इंची पाइप संडासाचा, त्याच्या शेजारचा जरा बारीक पाइप न्हाणीघरांचा. दोन्ही खाली एका चेंबरला मिळतात. तसं असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. इमारतीत दोन्हींचा एकच पाइप असेल तर फोडाफोड करावी लागेल, आणि मग ही कृती नव्या बांधकामासाठी राखून ठेवा. मोठ्या नव्या इमारतींना सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं घातलेलीच आहे.

सुरुवात वरच्या मजल्याच्या न्हाणीघरांपासून करा. तळमजल्याचं पाणी जमिनीच्या पातळीला निघतं, ते टाकीत घालायला खड्डा आणि पंप लागतो. वरच्या मजल्याचं पाणी नऊ-दहा फुटांवरून येतं आणि आपल्या वजनानं सगळ्या टाक्यांतून खाली उतरतं. वरच्या मजल्याचं पाणी तळमजल्याच्या संडासांना, एवढाच पहिला टप्पा. तो वर्षभर नीट चालला की मग पुढचं बघा.

न्हाणीघरांच्या उभ्या पाइपाला पहिल्या टाकीच्या तोंडाच्या वर, ओट्यावरून माणसाचा हात पोचेल अशा उंचीला टी बसवा आणि दोन बॉल व्हॉल्व्ह लावा: एक टाकीकडे जाणारा, एक पूर्वीच्या चेंबरकडे. हा बायपास विसरू नका. फिनेल किंवा ॲसिडनं न्हाणीघरं धुतली जातील त्या दिवशी, गाळणी साफ करताना, सुट्टीत, पाणी जुन्या वाटेनं सोडता आलं पाहिजे. न्हाणी ट्रॅप जागेवर राहू द्या, नाहीतर टाकीचा वास उलटा न्हाणीघरात शिरेल.

साहित्य

एक हजार लिटरच्या तीन प्लास्टिक टाक्या (आपल्याकडे सगळ्याच टाक्यांना सिंटेक्स म्हणतात, कंपनी कोणतीही चालेल), ५०० लिटरची एक, १,५०० लिटरची एक, सगळ्या काळ्या रंगाच्या. आत उजेड गेला की शेवाळ धरतं. चाळीस, वीस आणि दहा मिलिमीटरची गिट्टी, धुतलेली जाड नदीची वाळू, पीव्हीसी पाइप, व्हॉल्व्ह, स्टीलची बारीक जाळी, अर्धा एचपीचा मोनोब्लॉक पंप, तरंगत्या बॉलचा स्विच, पाच फ्लशटाक्या, ताजी टीसीएल पावडर आणि पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टची बाटली. टीसीएल आणि ओटी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या रोजच्या वापरातल्या गोष्टी. त्याला एकदा चहाला बोलवा, निम्मं शिक्षण तिथेच होईल.

टाक्यांचा ओटा

इथली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात टाकी पुरली किंवा विटांचा हौद नुसत्या मातीवर बांधला तर पहिल्याच उन्हाळ्यात तडा जातो. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खणा, मुरूम भरून ठोका, त्यावर ओटा बांधा. ओटा पायऱ्यांचा हवा, कारण प्रत्येक टाकीतून पाणी बाहेर पडण्याची जागा आधीच्या टाकीपेक्षा अर्धा-पाऊण फूट खाली असायला लागते. पहिल्या टाकीचं तोंड साधारण आठ फुटांवर येईल. पाइपाला उतार किती मिळतो ते पाणपातळीच्या नळीनं मोजून मगच ओट्याच्या उंच्या ठरवा.

जाळी आणि निवळटाकी

पाणी टाकीत पडण्याआधी एका उघड्या छोट्या पेटीत जाळीवर पडू द्या. इथे केस अडकतात. केसांचा गुंता, साबणाच्या चकत्या, शांपूची फाटकी पुडी, वरून राखाडी साय. रोज सकाळी ही जाळी काढून झटकायची. दोन दिवस राहिली की पाणी पेटीवरून वाहतं आणि माणसं पाइपाला शिव्या देतात.

बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं, साबणाला फेस येत नाही, त्याचा साका होतो. तो साका निवळटाकीत वर तरंगतो आणि माती खाली बसते. म्हणून पाणी घ्यायचं ते मधलं. हजार लिटरच्या टाकीत आत येणारा पाइप अर्ध्या उंचीपर्यंत खाली सोडा. बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून टी लावा, तिचं एक तोंड वर मोकळं आणि दुसरं फूटभर खाली पाण्यात बुडालेलं. वरचा साका टाकीतच राहतो. तळाला दीड इंची व्हॉल्व्ह ठेवा, आठवड्यातून एकदा तो उघडून गाळ चेंबरमध्ये सोडायचा. सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत १,५०० लिटर येतात, म्हणजे तासाला ५०० लिटर. या टाकीत पाणी दोन तास थांबतं. निवळायला एवढं पुष्कळ झालं.

गिट्टी, मग वाळू

दुसरी टाकी ५०० लिटरची. निवळलेलं पाणी हिच्या तळातून आत घाला आणि वरून बाहेर काढा. आत तळाशी चाळीसची गिट्टी, मग वीसची, वर दहाची. पाणी खालून वर चढताना जाड गाळ गिट्टीत अडकतो आणि वाळूचा त्रास वाचतो. हिच्याही तळाला धुण्याचा व्हॉल्व्ह हवा.

तिसरी टाकी वाळूची, हजार लिटरची, झाकण कापून तोंड मोठं केलेली आणि वर जाळी बांधलेली. तळाला भोकं पाडलेला पाइप आडवा ठेवा, त्याच्यावर वीतभर वीसची गिट्टी, मग चार बोटं दहाची, मग दीड फूट वाळू. इथे पाणी वरून खाली उतरतं. तळाच्या पाइपाला बाहेरून वर वळवून त्याचं तोंड वाळूच्या पातळीच्या दोन बोटं वर आणा. त्यामुळे वाळू कायम पाण्याखाली राहते, भेगाळत नाही, आणि तिच्यावर धरणारा चिकट थर जिवंत राहतो. गाळण्याचं अर्धं काम तो थरच करतो. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाणी जरा गढूळ दिसलं तरी धीर धरा आणि ते पाणी झाडांना सोडा.

वाळूवर पाणी थेट धारेनं पडू देऊ नका, खड्डा पडतो. धारेखाली एक फरशीचा तुकडा ठेवला की झालं.

आता वाळूबद्दल. क्रशसँड वापरायचा मोह होतो, स्वस्त आणि हाताशी असते म्हणून. तिच्यात दगडाची भुकटी फार असते आणि गाळणी महिन्याभरात चोंदते. नदीची वाळू जाड बघून घ्या, मैद्याच्या चाळणीतून खाली पडेल ती टाकून द्या आणि उरलेली धुवा. धुतली म्हणजे किती? बाटलीत अर्धी वाळू, अर्धं पाणी घालून हलवा आणि ठेवा. मिनिटभरात वरचं पाणी निवळ झालं तर वाळू भरायला हरकत नाही. पाणी चहासारखं राहिलं तर परत धुवा. यात घाई करू नका. वाळू एकदा टाकीत भरली की पुन्हा बाहेर काढून धुवायला कुणी तयार होत नाही.

गाळलेलं पाणी शेवटच्या टाकीत पडण्याआधी तीन-चार छोट्या पायऱ्यांवरून उतरू द्या. हवा मिसळते, वास उडतो.

टीसीएल

चौथी टाकी १,५०० लिटरची, झाकण घट्ट. सकाळची अंघोळ संपून दहाच्या सुमाराला ती भरत आली की टीसीएल घालायची. ताज्या पावडरीत तीस टक्क्यांच्या वर क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं, दमट जागी राहिलं की ते झपाट्यानं उतरतं. पंचवीस टक्के धरून चाला. लिटरला दहा मिलिग्रॅमच्या हिशेबानं १,५०० लिटरला १५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ६० ग्रॅम पावडर लागते. एकदा मोजून ठेवलेला साधा चमचा डब्यातच बांधून ठेवा.

पावडर थेट टाकीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग बादलीभर पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, चुन्याचा गाळ बाहेर टाका. अर्धा तास थांबा. मग परीक्षानळीत टाकीचं पाणी घेऊन ओटीचे थेंब टाका आणि रंग तक्त्याशी जुळवा. पिण्याच्या पाण्याला फिकट पिवळा पुरतो, इथे जरा गडद हवा, लिटरला निदान एक मिलिग्रॅम. केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या २०१३ च्या पुस्तकात फ्लशच्या पाण्याला किमान तेवढंच उरीव क्लोरीन सांगितलं आहे. रंग आलाच नाही तर दुसऱ्या दिवशी पावडर वाढवा. पावडर वाढवत नेऊनही रंग येत नसेल तर दोष पावडरीत नाही, गाळणीत आहे: पाण्यात साबण आणि मळ इतका उरलाय की तो सगळं क्लोरीन खाऊन टाकतो. नळीतलं पिवळं पाणी टाकीत परत ओतायचं नाही.

हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करून पावडर कालवा. आणि एक गोष्ट भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा: टीसीएल आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र येता कामा नये. दोन्ही मिळाले की विषारी वायू सुटतो. दोन्हींच्या बाटल्या एका कपाटातसुद्धा नकोत.

वरची टाकी आणि फ्लशची लाइन

चौथ्या टाकीतून पंपानं पाणी पाचव्या, हजार लिटरच्या टाकीत चढवा. ही टाकी गच्चीवर न ठेवता लोखंडी स्टँडवर, दहा-बारा फुटांवर ठेवा. गच्चीवरच्या चांगल्या पाण्याच्या टाकीपेक्षा ती खाली असली की चांगल्या पाण्याच्या लाइनीत दाब नेहमी जास्त राहतो. कधी काही चुकलंच तर चांगलं पाणी इकडे येईल, हे पाणी तिकडे जाणार नाही. लाइट गेली तरी टाकीत दिवसातल्या बहुतेक वेळेपुरतं पाणी असतं.

आता संडासातली जोडणी. इथे शहरातल्या नकाशांचं अनुकरण करून चालत नाही. आपल्या संडासात नळ असतो आणि मुलं त्याच नळाचं पाणी धुण्याला घेतात. हे गाळलेलं पाणी त्या नळाला जोडलं तर ते हाताला, अंगाला लागणार, आणि लहान पोरं तोंडालाही लावणार. म्हणून नळ चांगल्या पाण्यावरच राहील. हे पाणी फक्त भांड्याच्या वर भिंतीत बसवलेल्या फ्लशटाकीला जाईल आणि तिथून भांड्यात. त्याला कुठेही तोटी नको, जेट नको, बादली भरायची सोय नको. पुष्कळ वसतिगृहांत फ्लशटाक्या नसतात, बादलीनं पाणी ओततात. तिथे पहिला खर्च सहा लिटरच्या फ्लशटाक्यांचाच करा. पैसे नाहीत म्हणून संडासात या पाण्याचा वेगळा नळ काढायचा विचार मनात येईल. तो नळ काढू नका. त्यापेक्षा हे पाणी झाडांनाच द्या.

सफाईला पाणी लागतं ते खरं. त्यासाठी संडासांच्या बाहेर एक तोटी द्या, काढता येणाऱ्या चावीची, आणि चावी सफाई करणाऱ्या मावशींकडे.

सगळी लाइन एका रंगात रंगवा. बाहेरच्या देशांत पुनर्वापराच्या पाण्याला जांभळा पाइप वापरतात, आपणही तोच घेतला तर नव्या प्लंबरला कळायला सोपं. दर चार-पाच फुटांवर ‘पिऊ नका’ असं मराठीत लिहा आणि शेजारी फुली मारलेला पेला काढा, पहिलीतल्या मुलालाही समजेल.

उलटसुलट जोडणीची परीक्षा

नेदरलँड्समध्ये उत्रेख्त शहराच्या लेइड्शे राइन या नव्या वस्तीत घरांना दोन नळ दिले होते, एक पिण्याचा आणि एक अर्धवट शुद्ध केलेल्या पाण्याचा, फ्लश आणि कपड्यांसाठी. २००१ च्या अखेरीला दोन लाइनी एका ठिकाणी जोडलेल्या राहिल्या, ते पाणी पिण्याच्या नळात शिरलं आणि लोक जुलाबांनी आजारी पडले. त्यानंतर २००३ मध्ये तिथल्या सरकारनं अशा मोठ्या योजनाच थांबवल्या. शिकलेले अभियंते, कडक नियम, सगळं असून हे घडलं. आपल्याकडे तर पाइप फुटला की मिळेल तो तुकडा जोडून पाणी चालू करायची रीत आहे. म्हणून हे पाणी सुरू करण्याआधी ही परीक्षा घ्या आणि नंतर दर सहा महिन्यांनी, शिवाय प्लंबरनं कुठेही हात लावला की त्याच दिवशी.

गच्चीवरच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि इमारतीतले सगळे नळ उघडून लाइन रिकामी करा. आता फ्लशची लाइन चालू ठेवा. कोणत्याही नळाला, बेसिनला, पिण्याच्या तोटीला थेंबही येता कामा नये. मग उलट करा: फ्लशची टाकी बंद, गच्चीवरची चालू. फ्लशटाक्या भरता कामा नयेत. शेवटी पाचव्या टाकीत खायचा लाल रंग कालवा आणि सगळे नळ पुन्हा बघा. रंग टीसीएल घालण्याआधीच्या पाण्यात टाका, नाहीतर क्लोरीन रंगच खाऊन टाकतं आणि परीक्षा फुकट जाते.

कधी अंघोळीचं पाणी कमी पडेल, पाचव्या टाकीत चांगलं पाणी भरावं लागेल. तेव्हा कायमचा पाइप आणि व्हॉल्व्ह जोडायचा नाही. चांगल्या पाण्याची नळी टाकीच्या काठाच्या वर, हवेत सुटी ठेवा, नळीच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर राखून. टाकी काठोकाठ भरली तरी नळीचं तोंड बुडत नाही.

रोजचं काम

हे पाणी चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. साबण, मळ, कातडीचे कण यांवर जंतू वाढतात, पाण्यातली हवा संपते आणि ते सडतं. मोठ्या टाक्या घेऊन ‘दुष्काळात कामी येईल’ असं म्हणत साठवणारा माणूस तिसऱ्या दिवशी नाक धरून टाकी रिकामी करतो. म्हणून टाक्या दिवसाच्या गरजेएवढ्याच. संध्याकाळी उरेल ते झाडांना सोडा, दुसऱ्या दिवसाचं पाणी दुसऱ्या दिवशी येणारच आहे.

सकाळी जाळी झटकणं, दहाला टीसीएल, मग ओटी, वहीत तारीख, पावडर किती आणि रंग कसा आला एवढं लिहिणं, पंप चालू करणं. रविवारी निवळटाकीचा गाळ. गिट्टीच्या टाकीचा तळव्हॉल्व्ह महिन्यातून एकदा पूर्ण उघडा, घाण भसकन बाहेर येते. वाळूच्या टाकीत पाणी चढून काठाला यायला लागलं की वरची दोन बोटं वाळू खरवडून काढा, धुवा, उन्हात वाळवा आणि दोन-तीन खरवडण्यांनंतर परत भरा. काढलेला चिखल उकिरड्यावर. सगळ्या झाकणांना आणि हवेच्या पाइपांना जाळी आहे ना, ते दर आठवड्याला बघा, डेंग्यूचा डास अशाच टाकीत अंडी घालतो.

हे काम कोण करणार ते टाकी घेण्याआधी ठरवा. गृहपालांनी स्वतः करावं अशी अपेक्षा धरू नका, आणि सफाई कामगाराच्या गळ्यात फुकटात घालू नका. शिपाई असेल, माळी असेल, त्याला महिन्याचा जास्तीचा मोबदला आणि गमबूट-हातमोजे द्या. पंप आणि वाळू पाच-सात वर्षं चालतात, पण माणूस बदलला आणि त्याच्याकडे नीट हस्तांतर झालं नाही की पंधरा दिवसांत सगळं बायपासवर जातं. वही त्याच्यासाठीच.

महिन्याला वाचतं किती? १,२५० लिटर रोजचे, म्हणजे महिन्याला साडेसदतीस हजार. बारा हजारी टँकरच्या तीन खेपा. वापरलेलं पाणी पुन्हा वापरण्यात साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला नवल वाटणार नाही. उसातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि रस आटवताना निघालेली वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा वापरणं हे साखर कारखान्यांचं नेहमीचं काम आहे.

उरलेलं पाणी आणि सुट्टी

कपडे धुण्याचं आणि स्वयंपाकघराचं पाणी आपण घेतलेलं नाही, ते उघड्या गटारात सोडू नका. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारंच बंद केली आणि तो खड्डा पुढे मॅजिक पिट म्हणून राज्यभर गेला. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली टाकी आणि भोवती दगड-गिट्टी. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्डा मुरुमापर्यंत न्या. एक खड्डा एका घरापुरता असतो, वसतिगृहाला चार-पाच लागतील, पिण्याच्या बोअरपासून पन्नास फूट तरी लांब. स्वयंपाकघराच्या पाण्याला आधी तेल अडवणारी पेटी हवी.

दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की शेवटच्या अंघोळीनंतर बायपास उघडा, सगळ्या टाक्या तळव्हॉल्व्हनं रिकाम्या करा, फ्लशची लाइन एकदा टीसीएलच्या पाण्यानं धुवा. वाळूच्या टाकीतलंही पाणी काढा आणि वरची जाळी नीट बांधा, ओली वाळू बंद टाकीत कुजते. वसतिगृह पुन्हा भरलं की पहिले दोन आठवडे गाळलेलं पाणी झाडांना द्या, वाळूवरचा थर नव्यानं धरू द्या, आणि ओटीचा रंग सलग तीन दिवस बरोबर आला की फ्लशचा व्हॉल्व्ह उघडा.